सात मिनिटं

आत्याच्या सायकलच्या कपाळावर
पितळी बिल्ला होता.
सहा वर्षांची मी, बोट फिरवत अक्षरं जुळवायची:
नॉ... टिंग... हॅम.
आत्या फलटणकडे नर्स. लशींची पेटी कॅरिअरला बांधून
वाडीवाडीला जायची, पदर कमरेला खोचून.
म्हणायची, तिथली माणसं गं,
पाय जमिनीला लावतच नसतील.

खरंच लावत नाहीत, आत्या.

त्या गावात मला आता अकरा वर्षं झाली.
सायकलींचा कारखाना पाडला कधीच,
तिथे काचेच्या इमारती, बदकांचं तळं.
निनादची शाळा मैलभरावर.
आम्ही गाडीने जातो. सगळेच गाडीने जातात,
एकमेकांच्या गाड्यांना घाबरून
गाडीत बसलेले.

ऑक्टोबरात शाळेकडून पाकीट आलं.
उंची इतकी. वजन इतकं.
आणि खाली एक वाक्य, इतकं सभ्य
की दुसऱ्यांदा वाचल्यावर ओरखडा उठतो.
मी ते चहाच्या डब्यामागे सरकवलं.
खात्यापित्या घरचं पोर, म्हणतो ना आपण,
त्यांच्या तक्त्यात तसा रकाना नव्हता.

निनादने कधी वाचलं, ठाऊक नाही.
पण त्या आठवड्यापासून डब्यातली अर्धी पोळी
परत येऊ लागली,
रुमालासारखी घडी घालून,
मला दिसू नये अशी तळाशी.

जानेवारीत गल्लीच्या तोंडाशी लाकडी कुंड्या आल्या,
बसलेल्या म्हशीएवढ्या, रोझमेरी लावलेल्या.
गाड्यांना वाट बंद, सायकलींना मोकळी.
पुढच्या मोठ्या रस्त्यावर रबरी खांब,
त्यांच्या आत हिरवा पट्टा, थेट शाळेपर्यंत.
डेरेक दारोदार कागद घेऊन फिरला.
त्याची प्लंबिंगची व्हॅन, त्याचा गुडघा,
रोजचा सात मिनिटांचा वळसा.
मलाही सात मिनिटंच जास्त लागत होती.
मी सही केली. पोस्टकोडसकट.

मग एप्रिलातला तो रविवार.
गल्ली इतकी शांत की चेंडूचे टप्पे मोजता यावेत.
समोरच्या यूनिसबाईंनी खुर्ची पार रस्त्यात मांडलेली,
मांडीवर लोकरीचा गुंडा.
त्यांच्या नातीची जांभळी सायकल,
मुठींना झिरमिळ्या, सीट फारच खाली,
आणि तिच्यावर माझा दहा वर्षांचा मुलगा,
गुडघे बेडकासारखे बाहेर.

मी सीट धरून मागे धावले.
दुसऱ्या खांबापाशी माझाच भाता फुटायची वेळ आली.
मला कुणी मोजलंच नव्हतं.

तो कुंडीवर जाऊन आदळला.
कोपर सोललं. उठला, तळव्यांचा वास घेतला,
"आई, औषधासारखं येतंय," म्हणाला,
आणि पुन्हा बसला.
पुन्हा पडला. यूनिसबाई मान न उचलता म्हणाल्या,
पुढे बघ, चाकाकडे नको.

दुपारी त्याने तीन पोळ्या खाल्ल्या
आणि चौथी मागितली.
तव्यासमोर मी थबकले.
चहाचा डबा डोळ्यांसमोरच होता.
त्या सभ्य वाक्याशी मनात भांडले जरा,
मग वाढली. वर तूप.

सोमवारी डेरेकला गाठलं.
म्हटलं, माझं नाव खोडायचंय.
"गेला की कागद, मागच्याच आठवड्यात.
एकशे बारा सह्या. तुझी नववी."
गुडघा चोळत उभा राहिला. मग म्हणाला,
त्या जांभळीची चेन सैल आहे, पोरगा दात पाडून घेईल.
म्हणाला, बाप माझा अठ्ठावीस वर्षं कारखान्यात,
चाकांत तारा भरायचा.

मी आत्याचं सांगणार होते,
लशींचं, बिल्ल्याचं.
पण तो पान्हा आणायला आत गेला होता
आणि पायरीवर निनाद ब्रेक दाबून बघत होता,
सोडून, पुन्हा दाबून.

कुंड्यांचं मंगळवारी ठरेल.
एकशे बाराविरुद्ध किती, माहीत नाही.